शुक्रवारी, दिवाडीत

सगुणची अकरा कॉन्ट्रॅक्टं संपली तेव्हा
बॅगेतून निघालं पोळ्या दाबायचं बिडाचं यंत्र,
आणि बॅगेमागून दोन गुडघे,
बोटीच्या जिन्यांनी आधीच वापरून टाकलेले.

मुलांनी ठरवलं, शुक्रवार टाकोचा.
पहिले तीन शुक्रवार तेच ते:
पणजीहून आणलेली खोक्यातली कुरकुरीत शिंपलं,
आत खिमा, वर कांदा, त्यावर चीज.
पहिल्या घासाला फुटायचीच.
चौथ्या शुक्रवारी धाकटा हळूच म्हणाला,
आज हुमण-शीत नाही का?

त्या रात्री सगुण गाड्यावर गेला
आणि पाव किलो चुना घेऊन आला.
गाडेकाराला वाटलं, याला तंबाखू लागली.

चुन्याच्या निवळीत मका रात्रभर.
सकाळी साल बोटांत सुटून येते.
हे एउसेबियोनं शिकवलं, म्हणाला.
कोण एउसेबियो?
अकरा कॉन्ट्रॅक्टांत हे नाव फोनवर आलं नव्हतं.
फोनवर यायचं ते एवढंच:
पैसे पोचले का, टाकी अजून गळते का.

मग अळसांदे, शिजवून, चिरडून, खोबरेलात परतलेले,
वर लुदोविनाबाईच्या चोरिसाचा चुरा.
आमच्याकडे चोरिस कुंपणापाशी थांबतो,
त्या दिवशी आत आला, फक्त त्याच्या ताटापुरता.
जेवताना त्यानं केबिनचं सांगितलं,
पाण्याच्या पातळीखालची, बिनखिडकीची.
एउसेबियोनं भिंतीवर खडूनं खिडकी काढली होती.
तपासणी आली की पुसायची,
तपासणी गेली की परत काढायची.

पुढच्या खेपेला टोमॅटो तव्यावर काळे होईतो भाजून
बिमलांबरोबर वाटले.
साल्सा म्हण, तो म्हणाला. मी चटणीच म्हटलं.
जाळावरची कणसं, दही चोपडून, मिरसांगेची पूड भुरभुरून.
लिंबात मुरवलेली कच्ची विस्वण
कोणीच खाल्ली नाही,
मांजरानंही जरा विचार केला.
शिळ्या पोळ्यांचे तुकडे लाल रश्श्यात,
त्याला तिकडे भलं मोठं नाव आहे,
आमच्याकडे फोडणीची पोळी.
हर्षूनं विचारलं, मिरची तिकडून आली
तर त्याआधी आपण तिखट काय खायचो?
मिरें, मी म्हटलं, आणि बोलणी.

बोंदेराचे बावटे लागले, आणि तो म्हणाला,
एक राहिलंय. तामाल.
मक्याचं ओलं पीठ, पानात बांधून उकडलेलं.
एका नाताळात एउसेबियो बोटीवर ते करायला बसला.
पान नव्हतं. फॉइलमध्ये केले,
सगळ्यांना वाढले, स्वतः खाल्ला नाही.
पुढच्या कॉन्ट्रॅक्टला तो आला नाही.
कोणी म्हणे मूत्रपिंड, कोणी म्हणे बायको.

सगुणनं केळीचं पान शेकलं. फाटलं.
दुसरं शेकलं. तेही.
मी परसात जाऊन हळदीची पानं तोडून आणली,
पुसली, पीठ थापलं,
कडेला अर्धं बोट सोडून,
आत गूळ-खोबऱ्याच्या जागी
अळसांदे आणि रेशाद मसाला, श्रावण म्हणून,
आणि पातोळी मिटते तसं मिटलं.
तो बघत राहिला.
परत कर, म्हणाला. सावकाश.
मी परत केलं.
त्याचं पहिलं वाकडं झालं, दुसरंही,
तिसऱ्याला मी काही बोलले नाही.

झाकण उघडलं तेव्हा हळदीच्या वासानं
लुदोविनाबाई बोलावल्याशिवाय आली,
सोबत माडाच्या व्हिनेगरची बाटली,
कारण तिच्या मते आमच्या घरात
कशातच पुरेसं आंबट नसतं.

हर्षूनं एका जुन्या नंबरावर फोटो पाठवला.
अजून एकच टिक आहे.

सगुणनं एक पान झाकून ठेवलं.
कोणासाठी ते मी विचारलं नाही.
शनिवारी सकाळी पाहिलं तर तिथंच होतं.
ओट्यापाशी उभ्या उभ्या मीच खाल्लं,
थंडगार. मीठ जरा कमी.